साहेब, रजा हवी होती

लष्करी अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणात पहिल्यांदाच एका रविवारची सुट्टी मिळाली, तशी पोरगी गणवेशातच घरी निघाली. बाबांनी आपल्याला त्या वेशात पाहावं, एवढीच तिची हौस होती. बाबा फौजेत स्वयंपाकी होते. उभा जन्म अधिकाऱ्यांना वाढण्यात गेला. अलीकडे मात्र त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. आईला तेवढं ते ओळखत.

गणवेश दिसताच बाबा खाटेवरून धडपडत उठले आणि ताठ उभं राहून त्यांनी सलाम ठोकला.

"बाबा, अहो मी आहे!"

"साहेब, थोडी रजा हवी होती," ते खालमानेने म्हणाले. "पोरगी झालीय मला. अजून तोंड पाहिलं नाही तिचं."

"अहो, तीच ही!" आई म्हणाली. साहेबांपुढे बायको मध्येच बोलली म्हणून ते उलट ओशाळले.

पोरगी साहेबाच्या आवाजात म्हणाली, "मंजूर. जा, पाहून या."

बाबांचा चेहरा उजळला. ते लगेच कपडे पिशवीत कोंबायला लागले.

संध्याकाळी ती परत निघाली, तेव्हाही ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि गाडी उद्या सकाळी आहे, असं आई त्यांना समजावत होती.