रिठ्यानं धुतलेलं शीड
सुनेनं आज रिठे भिजत घातले आणि त्या वासानं मी उठून पडवीत जाऊन बसलो. आमच्या लग्नाला वरीस झालं होतं, तेव्हा उन्हाळ्यात खाडीपलीकडं रेवदंड्याच्या वाळूवर गाण्यांचा मेळा होणार होता. बायकोनं असलं उघड्यावरचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. तिनं भाकऱ्या, सुकटीची चटणी बांधली, अबोलीची वेणी गुंफली. बसायला होडीचं शीडच अंथरू म्हटलं, तर म्हणाली, "मासळीचा वास मारतो, लोक नाक दाबतील," आणि विहिरीवर गेली रिठ्यानं धुवायला. दगडावर धोपटलं नि जुनं कापड उभं फाटलं. त्याच शिडावर तर होडी जायची! मी दाभणानं शिवत बसलो, ती धरून बसली. शिवून होईतो ओहोटी लागली, होडी चिखलात बसली. मग तेच शीड ह्याच काठावर अंथरलं. वारा इकडं फिरला की गाणं यायचं, तुटक तुटक. "रडतेस काय? पुढल्या साली जाऊ." "जाऊ," ती म्हणाली, "पर शीड धुवायचं न्हाय." पुढलं साल कामात गेलं, त्याच्या पुढलंही. गेल्या दिवाळीत ती गेली. आता लेकाच्या होडीला यंत्र हाय, शीड लागत न्हाय. पर जायचं कुणाला घेऊन?