पाचवी गाडी

पडदेवालीच्या नवऱ्याने जन्मात कधी कुणाला ओव्हरटेक केलं नव्हतं, आणि ही बाई सतरा वर्षं सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवत होती. लग्न कसं टिकलं ते मला विचारू नका. टिकलं खरं.

आठवडाभर ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतः खिडकी मोजल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. मशीनच्या खणात टेप, खडू, बॉबिनं आणि क्लबचं नियमांचं पुस्तक. ते तिला पाठ होतं. दरवर्षी बदलायचं, म्हणून ती दरवर्षी नव्याने पाठ करायची. एका वर्षी सीटचे जुने पट्टे बाद, पुढच्या वर्षी हेल्मेट बाद, मग म्हणे गाडीच्या दारावरचा नंबर चार बोटं मोठा हवा. तिने शिव्या घालत पडद्याच्या अस्तराचे आकडे कापले आणि चिकटवले.

इतक्या वर्षांत दुसरी चारदा आली होती, पहिली एकदाही नाही. हे कुणी काढलं की तिचा पारा चढायचा.

मग जवळचा ट्रॅक विकला गेला, तिथे गोदामं उभी राहिली आणि शर्यती चार तासांच्या वाटेवर गेल्या. शर्यतीची गाडी काही रस्त्याने चालवत नेता येत नाही. ट्रेलरवर चढवायची आणि घरच्या गाडीने ओढत न्यायची. पेट्रोलचे भाव तर बोलायलाच नको. वीस मिनिटं पळायचं आणि त्यासाठी जाता-येता दोन टाक्या फुंकायच्या. छोट्या गाड्यांच्या गटात अकरा जण होते. कुणी गुडघ्याचं निमित्त काढलं, कुणी सुनेचं. उरले चार.

क्लबला अशा वेळी भलतंच सुचतं. नवा नियम आला: हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत ज्या गटाच्या पाच गाड्या अंतिम रेषा ओलांडणार नाहीत, तो गट बंद. मग त्यांनी मोठ्या गाड्यांत पळायचं. मोठ्या गाड्यांत हिने काय करायचं, वीस मिनिटं बाजूला होत राहायचं? त्यापेक्षा गाडी विकून टाकू, असं तिने ठरवलं आणि मशीनवर बसून मनसोक्त रडली. त्या दिवशीचा पडदा तिरका शिवला गेला.

दुसऱ्या दिवशी तिने सातही पळपुट्यांना फोन केले. सगळे "बघतो" म्हणाले, म्हणजे कुणी येणार नव्हतं. फोन ठेवून ती अंगणात आली, तर घरची गाडी समोर उभी.

"अहो," ती म्हणाली, "आपली ही गाडी आमच्याच गटात बसते."

नवरा ग्रंथपाल. त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "मग?"

"मग तुम्ही चालवायची."

"मी? शर्यतीत?"

"जिंकायला कोण सांगतंय? रेषा ओलांडायची, बस्स."

तो आधी हसला, मग घाबरला, आणि शेवटी तयार झाला. बायको रडलेली त्याने पाहिली होती. नवशिक्याचा परवाना एका दिवसात मिळाला. सगळ्या पुस्तकात तिला आवडलेला नियम हा एकच. तिच्याकडचे जादाचे, नियमात बसणारे पट्टे त्याच्या गाडीत बसवले. शर्यतीच्या दिवशी पोहोचल्यावर ट्रेलर सोडला, ओढणारी गाडीच रांगेत नेऊन उभी केली, आणि झाल्या पाच.

फेऱ्या दहा होत्या; पहिला आला की मागे पडलेल्यांनी चालू फेरी पुरी करून रेषा ओलांडली तरी चालायचं. ग्रंथपाल आरशात बघून, इंडिकेटर देऊन, सगळ्यांना वाट करून देत होता. एका वळणावर तर त्याने हात दाखवला. कठड्यावरचे लोक पोट धरून हसत होते.

आणि पुढे आक्रीत घडत होतं. शेवटच्या फेरीला पडदेवाली पहिली होती. मागे दातांचा डॉक्टर, पण चांगला मागे. शेवटचं वळण घेतलं, तर रेषेच्या दीडशे पावलं अलीकडे घरची गाडी बंद पडलेली. नवरा खिडकीतून ओशाळा हात हलवत होता.

पेट्रोल संपलं होतं. परतीच्या वाटेवरच्या पंपावर स्वस्त मिळतं, म्हणून या हिशेबी माणसाने पोहोचण्यापुरतंच भरलं होतं. दहा फेऱ्या त्याने हिशेबात धरल्याच नव्हत्या.

एकदा तिने रेषा ओलांडली की तिला मागे येता येणार नव्हतं. माणसांनी ढकलली तर गाडी बाद. गाडीने ढकलली तर? तिने मनातल्या मनात पुस्तक भराभर उलटलं. त्यावर एक अक्षर नव्हतं.

"मुडद्या," ती हेल्मेटमध्ये म्हणाली. सतरा वर्षांत नवऱ्याला पहिल्यांदाच. आणि ब्रेक दाबला.

तिने आपला बंपर त्याच्या बंपरला टेकवला आणि हळूहळू ढकलायला लागली. डॉक्टर शेजारून गेला. मग दुसरा. मग तिसरा. तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं. रेषा ओलांडताना नवरा पुढे होता, आणि जाता जाता त्याने इंडिकेटरही दिला.

पंचांनी पुस्तक दोनदा चाळलं. "असं ढकलता येत नाही, बाई."

"कुठल्या पानावर आहे?"

पंचांनी खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. "पुढच्या छपाईत येईल," ते म्हणाले. "आज मात्र पाच धरतो. राहिला तुमचा गट."

पलीकडे डॉक्टर करंडक घेऊन फोटो काढून घेत होता. ती टायरवर बसून तिकडे बघत राहिली. नवरा कुणाकडून तरी मागून आणलेला पेट्रोलचा डबा घेऊन समोर येऊन उभा राहिला.

"चिडलीस?"

"हो."

"फार?"

तिने त्याच्या हातातला डबा काढून घेतला. "पुढच्या वर्षी टाकी मी भरणार."