धुतलेला डबा

बेकारी विमा आणि पेन्शन हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी घरोघर जाऊन मी एकच प्रश्न विचारते, काम सुटल्यावर किती दिवस घरी बसून होतात? परवा, कारखाना बंद पडलेले एक काका ताडकन म्हणाले, "घरी? एक दिवसही नाही. रोज आठला डबा घेऊन निघत होतो. विचारा हिला."

आत भांड्यांचा आवाज थांबला. माझं पेन रकान्यावर अडकलं. बेकारी आम्ही महिन्यांत मोजतो. पण काम नसलेला माणूस डबा घेऊन दिवसभर कुठे बसतो, हे कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवताना बशी वाजली.

"लिही गं, पाच महिने," त्या म्हणाल्या, आणि मग काकांकडे वळून हळूच, "अहो, कारखान्यातून तुमचा डबा कधी धुऊन आला होता का? त्या पाच महिन्यांत रोज स्वच्छ धुतलेला यायचा."

मी पाच लिहिलं. ते महिने दोघांनी काढले होते, आणि माझ्या फॉर्मवर नाव एकाचंच होतं.