नाव घातलेला वाडगा

आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत भांडी कधी एका घरात टिकली नाहीत. खीर शेजारी गेली की तिच्याबरोबर वाटी जायची, आणि वाटीला पाय फुटायचे. म्हणून नवं भांडं घेतलं की आई आधी त्यावर नाव घालून घ्यायची. एकदा तिनं चीनच्या बादशहाच्या वाडग्यावरही आमचं आडनाव घालून घेतलं.

वडील शाळेत चित्रकलेचे मास्तर. एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी त्यांच्या यजमानांचं चित्र काढून दिलं, आणि पैसे घेईनात, म्हणून बाईंनी हा वाडगा हातात ठेवला. त्यांचे आजेसासरे फौजेबरोबर चीनला गेलेले, तिथून तो आलेला. पांढराशुभ्र, बाहेरून निळी वेल, बुडाला सहा निळी अक्षरं. वडील तो उजेडाकडे धरायचे आणि पलीकडून आपली बोटं दिसतात का बघायचे. दिसायची.

आईला ती अक्षरं म्हणजे कुणीतरी फराटे ओढलेत असं वाटलं. स्टीलच्या ताटांबरोबर तिनं वाडगाही दुकानात नेला. नाव घालणारा म्हणाला, "वैनी, चिनी माती हाय, फुटंल."

"मग हळू घाला की!"

त्यानं हळू घातलं. त्या सहा अक्षरांच्या बरोबर वरून आमचं आडनाव, ठिपक्याठिपक्यांनी, चांगलं ठसठशीत.

वडलांनी बघितलं आणि वाडगा आईच्या हातातून काढून घेतला. ती अक्षरं म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीची खूण, हे त्यांना ठाऊक होतं. वाडगा जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर गेला. पुढची चाळीस वर्षं घरात कशावरूनही वाजलं की शेवट ठरलेला, "बादशहाचा वाडगा नासवलास तू!" आमटीत मीठ जास्त पडलं तरी बादशहा. आई एरवी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे, पण या एका वाक्यापुढं ती मान खाली घालायची. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि आईनं वाडगा काढून माझ्यापुढं ठेवला. "पुण्याला कुणा जाणत्याला दाखवून आण. खरा हाय का खोटा? मी खरंच नासवला का, एवढं कळू दे मला मरायच्या आधी."

पुण्यातल्या जाणत्या गृहस्थांनी तो आधी पालथा केला. आमचं आडनाव वाचलं. "अरेरे!" म्हणाले.

"म्हणजे खरा आहे?"

"थांबा. अक्षरं कुणीही काढतं. पुढच्या कारागिरांनी मागच्या बादशहांच्या खुणा हौसेनं काढल्यात." त्यांनी बुडाच्या कडेवरून बोट फिरवलं, नखानं टिचकी मारून कान लावला, वेल जिथं सुरू होते तिथंच येऊन जुळते का ते भिंगातून बघितलं. राजवाड्याच्या भट्टीत भांड्याला जरा खोट निघाली तर ते फोडून पुरून टाकायचे, म्हणाले. जे बाहेर आलं ते निर्दोष, म्हणूनच लोक त्याच्यामागं वेडे होतात.

"खरा आहे," ते शेवटी म्हणाले. "मोगल बादशहांनीही चिनी भांड्यांवर नावं कोरून घेतली होती. त्यांना आज जास्त मोल आहे."

"मग आमचं आडनाव?"

"तुमचे वडील बादशहा होते का?"

"घरात होते," मी म्हटलं. ते हसले. नाव असलं तरी जपा, असा पुन्हा मिळायचा नाही, असं दोनदा बजावलं.

परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत खरं सांगायचं पक्कं होतं. कराडला ते बदललं. आई दारातच उभी होती, चहासुद्धा न घेता.

"खोटा हाय, आई," मी म्हटलं. "बाजारी माल."

ती वडलांच्या फोटोकडे वळली. "ऐकलंसा का?" म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली. "चाळीस वर्षं वो, चाळीस वर्षं!" रडता रडता तिला हसू फुटलं. मीही रडले. वडलांचं बरोबर होतं, आणि त्यांना खोटं पाडणारी मी त्यांची लेक. त्याची टोचणी आहेच. पण आई त्या रात्री पोटभर जेवली.

सकाळी बघते तर वाडग्यात दही विरजलेलं. दुपारी वाडगाच दिसेना.

"शेजारी दिलाय दह्यासकट. त्यांच्याकडं पावणं आल्यात."

"आई, तो वाडगा?"

"मग काय झालं? नाव हाय की त्यावर. कुठं जातंय?"

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. शेजारी भांडं आपटल्याचा आवाज आला की मी दचकायची. तिसऱ्या दिवशी शेजारीण वाडगा घेऊन आली, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून त्यात मूठभर साखर घालून. आईनं साखर डब्यात ओतली, वाडगा पालथा केला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"आपलाच हाय," म्हणाली.