पलंग, कोहळा आणि नाकीडोळी नीटस मशीन

आमच्या घरात मशीन विकत घेत नाहीत, बघायला जातात.

मी अमरावतीला दहावीच्या पोरांना भूमिती शिकवते आणि उरलेल्या वेळात गिटार बनवते. (बनवते म्हणजे, आजवर एक बनवली. ती वाजत नाही, पण तिच्यात कांदे छान टिकतात.) दुसरी मात्र खरीखुरी व्हायची होती. सासूबाईंची पंच्याहत्तरी जवळ आली होती आणि त्यांनी स्वतःहून आपल्या आंदणातल्या शिसवी पलंगाची डोक्याकडची फळी काढून माझ्या हातात दिली.

"रुई वाजवीन अन् मी ऐकीन," त्या म्हणाल्या. रुई म्हणजे माझी लेक. "पण एकच फळी हाये, वैशू. बिघडवली त आंदण द्याले दुसरा बाप कुठून आणू?"

त्या दिवसापासून त्या लोखंडी खाटेवर झोपायला लागल्या आणि माझी झोप उडाली!

फळी आठ इंच रुंद. ती कडेवर उभी करून, घडीची पोळी उलगडावी तशी मधोमध चिरायची, की गिटारची पाठ तयार. त्यासाठी लागतो बँडसॉ. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोघांवरून गरगर फिरणारं दातेरी पातं. मी किती व्हिडिओ पाहिले म्हणता! प्रत्येकातला माणूस एकच गोष्ट बजावून सांगायचा: पात्याखालून किती उंच लाकूड जातं, ते आधी मोजा.

मोजायचं ठरवूनच मी अकोल्याला निघाले. फळी चादरीत गुंडाळलेली, टेप पर्समध्ये. गाडी चालवायला हे होतेच, पण मागे सासूबाईही येऊन बसल्या. मूर्तिजापूरला त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, कडक इस्त्रीचा सदरा घालून चौकात उभेच. आमच्या खानदानातली सगळी लग्नं मामांनी जुळवलेली. एवढं मोठं मशीन ते माझ्या एकटीच्या भरवशावर सोडतील?

दुकानदार भला माणूस. त्याने चहा मागवला, आणि तिथेच घात झाला. चहा आला म्हटल्यावर मामा रीतसर मांडी ठोकून बसले.

"हं, दाखवा."

पहिलं मशीन चांगलं दणकट, जमिनीवर उभं राहणारं. माझा जीव त्याच्यावर जडलाच होता, पण मामांनी आमच्या ह्यांना हाक मारली. "जावईबापू, जरा बाजूले उभे राहा बरं तिच्या."

"मामा, मी भाचा आहे तुमचा."

"उभा राय ना बाप्पा!"

हे उभे राहिले. मशीन ह्यांच्यापेक्षा वीतभर उंच! मामांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी मान हलवली. स्थळ नापसंत.

दुसरं मशीन टेबलावर बसणारं, पोपटी रंगाचं. "नाकीडोळी नीटस हाये," सासूबाई म्हणाल्या. "आवाज कसा हाये वो? खानदान कोणतं?" मामांनी विचारलं. आणि खरं सांगते, तो पोपटी रंग पाहून मीही विरघळले. माझ्या स्वयंपाकघराच्या टाइल्सशी काय जुळत होता!

दुकानदार म्हणाला, "ताई, लकडी आणलीच हाये त एक काप मारून पाहा ना."

मी चादर सोडायला वाकले, तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "काहून? मुहूर्ताच्या आधी पातं लाकडाले लावून राहिली तू? पहिला काप घरी, पूजा झाल्यावर!"

"आई, नुसतं मोजते तरी."

टेप मी काढला, हे खरं आहे. पण तो मामांनी घेतला आणि गाडीची डिकी मोजली. मशीन डिकीत बरोबर बसत होतं. आनंदीआनंद!

रविवारी घरी मुहूर्त. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. मामांनी चांदूर बाजारहून कोहळा आणला होता, चांगला बाळसेदार. आधी मशीनने कोहळा कापायचा, मग फळी. शेजारपाजार जमलेला. लाकूड जिच्याखालून जातं ती पात्यावरची पट्टी मी सैल करून वर, आणखी वर सरकवली. ती चार इंचांवर जाऊन थांबली. कोहळा पात्यापुढे पोट अडकून बसला.

"दाब जरा!" मामा ओरडले.

"मामा, मशीन आहे, एसटी नाही!" मी म्हणाले.

"राहू द्या कोहळा. फळी लाव," सासूबाई म्हणाल्या.

मी फळी कडेवर उभी केली. ती पट्टीच्या चांगली चार इंच वर गेली.

"उलटी करून पाय," मामा म्हणाले.

आम्ही उलटी करून पाहिली. (आठ इंच उलटे केले तरी आठच राहतात. हे मी पोटासाठी शिकवते.)

दुकानदाराला फोन लावला. "पूजा झाली का, ताई?" त्याने विचारलं.

"झाली."

"हळद-कुंकू लागलं? मग आता ते तुमच्या घरचं झालं. माहेरी कसं पाठवता?"

मला रडूच कोसळलं. एका म्हातारीचा पलंग मोडला, तिला खाटेवर झोपवलं, आणि हाती काय, तर एक पोपटी मशीन! शेवटी रुईच म्हणाली, "आई, चार इंचात काय बसते?"

चार इंचात युकुलेले बसतं. म्हणजे चार तारांचं, काखेत मावणारं गिटारचं पिल्लू. फळी आडवी टाकून अरुंद केली, मग चिरायला घेतली. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसून होत्या. पण चिरली! आणि ह्या वेळी जे बनलं, ते वाजलं!

पंच्याहत्तरीला रुई वाजवायला बसली. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग माझ्याही. मामांनी नाक शिंकरलं. वाजवणं संपलं तरी त्या डोळे मिटूनच होत्या.

"आई, कसं वाटलं?" मी विचारलं.

"आवाज तोच हाये वो, वैशू," त्या म्हणाल्या. "कूस बदलली का पलंग अस्साच कुरकुरे!"