काजवाल्या काकूंचा माइक

सगळी गल्ली त्यांना काजवाल्या काकू म्हणायची. कोटाचं काज असो की बाळाच्या अंगड्याचं, त्यांचा टाका असा बसायचा की बटणानं आपणहून आत शिरावं. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन, कपाटाला टेकून कापडाचे गठ्ठे, आणि मशीनच्या चालीवर काकूंचं गाणं. गाणी काही आईकडून आलेली, बाकीची काकूंनी शिवता शिवता जुळवलेली. एक रुसलेल्या कात्रीचं, एक फाटक्या खिशाचं, एक दोऱ्यात गुंता झाला की म्हणायचं. कागदावर एकही नाही. माप द्यायला आलेली माणसं दोन कडवी ऐकल्याशिवाय जिना उतरत नसत.

एके दिवशी गळ्यातली टेप काढताना काकूंच्या बोटांना मानेत काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. मग तपासण्या झाल्या, सुई घालून गाठही तपासून झाली, आणि शेवटी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, "गाठ काढावी लागेल. बहुतेक साधीच असेल, पण काढल्याशिवाय खात्री नाही. आणि एक सांगून ठेवते, आवाजाची नस अगदी शेजारून जाते."

"म्हणजे?"

"आम्ही जपतोच. तरी क्वचित कुणाचा आवाज बसतो. वरचे सूर जातात."

"परत येतात का?"

"बऱ्याचदा येतात. कधी कधी नाही येत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे काकूंना बरं वाटलं. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

घरी आल्या आल्या काकूंनी चपला काढल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला माझी गाणी भरून ठेवायचीत."

काकांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बोलणं मोजकं, आणि भीती वाटली की हात सरळ खिशात. त्यांनी आधी फोनवर एक गाणं भरून पाहिलं. ऐकलं तर डब्यात तोंड घालून गायल्यासारखं, आणि मागून खालच्या दुकानातली करवत. खाली खिडक्यांच्या चौकटी कापायचं काम चाले. "छे! चांगला माइक घेऊ," काका म्हणाले. "सगळ्यात चांगला."

दुसऱ्या दिवशी दोघं वाद्यांच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे पायाखाली जाड गालिचा, भिंतींना मऊ गाद्या. विक्रेत्यानं काकूंना एका चकचकीत, जाडजूड माइकसमोर उभं केलं आणि कानांवर हेडफोन चढवले. काकू दोन ओळी गायल्या आणि चाटच पडल्या. श्वास आत घेतलेलासुद्धा ऐकू येत होता.

"हाच द्या," काका म्हणाले.

"याला वेगळा वीजपुरवठा लागतो हं," विक्रेता म्हणाला. "त्याचा डबा घ्यावा लागेल. स्टँड आणि वायरही."

काकूंनी काकांचा खिशाकडे गेलेला हात धरला. "हा घरी नेऊन बघता येईल का? नाही जमला तर परत आणून देऊ."

"उघडलेला माल परत घेत नाही आम्ही."

"मग राहू द्या." जिन्यात काका चिडले, तेव्हा काकू म्हणाल्या, "दुकानातल्या दिव्याखाली कापडाचा रंग कधी पसंत केलाय का मी? उजेडात नेऊन बघते ना? मग आवाजाचंही तसंच. आपल्या घरात कुठे आहेत गालिचे?"

संध्याकाळी नणंद आली. शाळेच्या ऑफिसात उभं आयुष्य गेल्यामुळे तिचं साधं बोलणंही हजेरी घेतल्यासारखं असे. सगळं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, एवढं काय डोकं खाजवताय? आमच्या घरामागे भोंगेवाले आजोबा आहेत ना! जन्मभर स्पीकर नि माइकच दुरुस्त केलेत त्यांनी."

भोंगेवाले आजोबा दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन जिना चढून आले. खोलीभर नजर फिरवली, टाळी वाजवून कान दिला, खालची करवत ऐकली आणि हसले. "बाई, माइक जितका तिखट कानाचा, तितकी तुमची करवत सुरेख ऐकू येईल. तुम्हाला जवळचं ऐकणारा आणि लांबचं न ऐकणारा हवा. थोडा बहिराच म्हणा ना."

"म्हणजे आमच्या दादासारखा," नणंद म्हणाली.

आजोबांनी पिशवीतून तीन माइक काढले. एक दुकानातल्यासारखाच महागडा, एक मधला, आणि एक साधा, हातात धरून गायचा, वायर सरळ कॉम्प्युटरला लावता येणारा. किंमत महागड्याच्या सहाव्या हिश्शाएवढी. काकांचं तोंड कडू झालं. गळ्याचं ऑपरेशन तोंडावर आणि हिला स्वस्तातला माइक?

"असं करू," काकू म्हणाल्या. "तुम्ही पाठ फिरवून बसा. मी तिन्हींवर तेच कडवं गाते. कुठला कुठला ते सांगायचं नाही. तुमच्या कानांना विचारू."

नणंदेनं शिवणाच्या खडूनं माइकांवर आकडे घातले आणि आपला जुना लॅपटॉप जोडून दिला. काकू गायल्या. मग हेडफोन लावून काका भिंतीकडे तोंड करून बसले. पहिल्यात आवाज मधासारखा, पण करवतही तेवढीच, वर मोरीतला नळ आणि नणंदेच्या बांगड्या. दुसरा बरा. तिसरा ऐकताना काकांनी डोळे मिटले.

"तिसरा. यात फक्त हीच आहे."

तिसरा सगळ्यात स्वस्त निघाला. काकांना पटेना. "आकडे बदला. पुन्हा." आकडे बदलले, क्रम बदलला. काकांनी पुन्हा तोच उचलला. तिसऱ्या खेपेलाही तोच.

"आता तरी माना," काकू म्हणाल्या. "निकाल तुमचाच आहे."

काका हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

तसाच नवा माइक आणला. आजोबांनी दोनच गोष्टी बजावल्या: तोंड माइकपासून चार बोटांवर, आणि हललात तर अंतर तेवढंच ठेवा. ‘फ’ किंवा ‘भ’ आला की मात्र आत फट्ट व्हायचं. काकूंनी भरतकामाच्या गोल रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला आणि ती माइकपुढे बांधली. फट्ट गेलं. आवाज घुमू नये म्हणून गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले कोट दांडीवर दाट टांगले आणि त्यांच्या घळीत त्या उभ्या राहिल्या. करवतवाला दुपारी तासभर जेवायला जायचा. तेवढा तास यांचा.

नऊ दुपारींत अकरा गाणी झाली. बटण दाबायचं काम काकांकडे. फाटक्या खिशाच्या गाण्यात काकू तिसऱ्या कडव्याला अडल्या. शब्दच आठवेनात. आज आठवत नाहीत, उद्या म्हणताच आले नाहीत तर? कोटांच्या पलीकडून काका हळूच म्हणाले, "‘खिशातून पडला तो...’"

काकूंनी कोट बाजूला सारून पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"पंचवीस वर्षं ऐकतोय. सगळी पाठ आहेत."

"कधी बोलला नाहीत ते!"

"तू गाताना मध्येच काय बोलायचं?" काका म्हणाले आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

ऑपरेशनच्या दिवशी काका आणि नणंद सकाळपासून बाकावर बसून होते. आत काकूंना जाग आली तेव्हा डॉक्टरबाई वाकून म्हणत होत्या, "एक ते पाच म्हणा बघू."

काकूंनी ओठ उघडले आणि मिटले. काही आलंच नाही तर? पण शेवटी धीर केला. "एक... दोन... तीन..." आवाज खरखरीत होता, पण होता. चार, पाच न म्हणता त्यांनी विचारलं, "पाणी मिळेल का?"

"पाणी एवढ्यात नाही," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "पण नस छान आहे हो. ही खरखर नळी घातल्याची आहे, जाईल."

बाहेर हे कळल्यावर काका खिडकीशी गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले. नणंदेनं एकदाचा सुस्कारा टाकला, तो साऱ्या व्हरांड्यानं ऐकला. दहा दिवसांनी अहवाल आला: गाठ साधी. काकूंनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि मग आडव्या होऊन दुपारभर गाढ झोपल्या. कित्येक दिवसांत अशी झोप लागली नव्हती.

वरचा सूर मात्र लगेच लागेना, फाटायचा. काकूंनी ओढाताण केली नाही. खालच्या पट्टीत गुणगुणत राहिल्या. सातव्या आठवड्यात एका पँटची कड दुमडताना तो आपसूक लागला. मशीन थांबलं. आतल्या खोलीतून काका ओरडले, "लागला!"

त्या दिवशी काकूंनी भरलेली गाणी पहिल्यांदा ऐकली. तोवर धीरच झाला नव्हता. दोन गाणी झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, एवढ्या घाईत कशाला गायले मी? गाडी चुकत होती का?"

"घाबरली होतीस."

"पुसून टाका. सावकाश नवीन घेऊ."

"नवीन घे की, हवी तेवढी घे," काका म्हणाले. "पण हे पुसणार नाही मी."

काकूंनी वाद घातला नाही. दांडीवर त्या दिवशी तीनच कोट होते, म्हणून पलंगावरची रजई काढून त्यांच्याशेजारी टांगली.