विहिरीला हाक मारणारे जमादार

आमच्या गल्लीत शिरले की जमादार आधी विहिरीपाशी जायचे. काठावर दोन्ही हात टेकून आत वाकायचे आणि खणखणीत हाक मारायचे, "ओ बाई!" मग मान तिरकी करून ऐकत राहायचे. खालून आवाज फिरून वर आला की टोपी सारखी करत म्हणायचे, "बोलली." एवढं झाल्यावरच त्यांची शिटी वाजायची आणि कचऱ्याची गाडी पुढे सरकायची.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, देवाला हात जोडल्याशिवाय दुकानाचं शटर न उघडणारा. यांचं दैवत म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतली विहीर. माझ्या पिको-फॉलच्या दुकानाच्या अगदी समोर. मशीनवरून नजर उचलली की तीच दिसते. त्यामुळे जमादार मला जितके दिसले, तितके त्यांच्या बायकोलाही दिसले नसतील.

ते महापालिकेच्या झोन ऑफिसातले सफाईचे जमादार. झाडणाऱ्या माणसांवर देखरेख करायची आणि घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा घ्यायचा, हे त्यांचं काम. विहीर त्यात कुठेच बसत नव्हती. पण जुन्या विहिरी साफ करून त्यांचं पाणी वापरात आणायचं असं ऑफिसनं ठरवलं, आणि वॉर्डातली कोणती घ्यायची असं साहेबांनी विचारल्यावर यांनी आमचीच पुढे केली. आमची विहीर म्हणजे तेव्हा उकिरडा होता. नळ आल्यापासून तिच्यातलं पाणी काढायला कोणी गेलं नव्हतं, टाकायला मात्र सगळे जायचे. हार, नारळ, फुटक्या तसबिरी, आणि देवाचं म्हणून पिशवीत गाठ मारून काय वाट्टेल ते.

उन्हाळ्यात गाळ काढला. ट्रॉल्या भरभरून निघाला. वास असा की माझं एक गिऱ्हाईक साडी माझ्या अंगावर टाकून पळालं. मी तरातरा बाहेर गेले.

"जमादारभाऊ, धंदा बसला माझा!"

त्यांनी नाकावरचा रुमाल खाली केला. "ताई, इतके वर्स तोंडात बोळा कोंबून ठेवला तिच्या. वास येईनच नं बाप्पा. एकदाची चूळ भरू द्या तिले."

मग एक दिवस तळाशी झरा लागला. पाणी चढलं, निवळलं, आणि एका सकाळी मला बाहेरून हाक आली, "ताई, मशीन बंद करा. या इकडं." मी गेले. ते वाकले आणि पहिल्यांदा ओरडले, "ओ बाई!" खालून तसाच गोल आवाज वर आला. जमादारांचे डोळे भरले. मलाही गहिवरून आलं, पण गिऱ्हाइकाची साडी अडकली आहे असं सांगून मी आत पळाले. असल्या गोष्टींत मी जरा भित्री आहे.

साहेब येऊन पाहून गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोळ्यापर्यंतचा पाऊस काढा, मग मी पुन्हा येतो. विहीर अशीच राहिली तर मोटर बसवू, गल्लीत पाइप टाकू, धुण्याभांड्याचं पाणी घरोघर. पुन्हा घाण दिसली तर वर स्लॅब टाकून कायमची बंद करू, दर साल गाळ काढत बसणं जमणार नाही.

"मी शब्द देऊन आलो साहेबाले," जमादार मला म्हणाले. "आमची गल्ली तशी नाही म्हनलं."

"भाऊ, आमची गल्ली तशीच आहे."

"हाव. पण हे गल्लीले सांगू नका."

त्या दिवसापासून ते विहिरीचे राखणदार झाले. निर्माल्यासाठी काठाशी ड्रम ठेवला. कचऱ्याची फेरी संपली की त्यातल्या हारांचे दोरे काढत बसायचे, फुलं खताला, दोरे आणि चमकी वेगळी. कोणी पिशवी घेऊन विहिरीकडे वळलं की विचारायचे, "काहून वं माय, देव पिशवीची गाठ सोडत बसन का?" बायका हसायच्या आणि पिशवी ड्रममध्ये जायची. वाऱ्यानं उडून पडलेली पानं काढायला मी त्यांना जुन्या मच्छरदाणीची झोळी शिवून दिली. लांब बांबूला बांधून ते ती फिरवायचे आणि मग माझ्याच दुकानाच्या खिळ्याला अडकवून ठेवायचे.

पण माणूस कटकट्या होता, हेही सांगायला हवं. दारात पिशवी उघडून पाहायचे. ओल्यात सुकं सापडलं की तिथंच शिटी. लोक वैतागले होते. आमच्या मंडळाचा अध्यक्ष राजू, मोबाइलचं दुकान आहे त्याचं, तर फारच. महाप्रसादाच्या उष्ट्या पत्रावळी त्यानं विहिरीच्या काठाशी रचून ठेवल्या होत्या. जमादारांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. "उचल गा भाऊ. तुह्याच पंगतीच्या हाय." वरच्या गॅलऱ्यांतून बायका खिदळल्या. राजूनं उचलल्या, पण ते हसणं त्याच्या मनात रुतून बसलं.

नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा. सगळी इडा-पीडा, रोगराई तिच्या माथी मारून "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. तिच्याबरोबर बडगे असतात, म्हणजे ज्याचा ज्याचा लोकांना राग आलाय त्याचे पुतळे. पुढारी, महागाई, भ्रष्टाचार, काय वाटेल ते. त्या साली राजूच्या मंडळानं बडग्या केला तो जमादारांचा.

बडग्याचा शर्ट शिवून द्या म्हणून मंडळाची पोरं आधी माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, कात्री बोथट झाली आहे. त्यांनी दुसरीकडून शिवून आणला. खाकी शर्ट, थर्माकोलचं डोकं, त्यावर ऑइलपेंटनं काढलेल्या मिशा, तोंडात शिटी आणि गळ्यात पाटी, "कचरा न्या, डोकं खाऊ नका." पुतळा विहिरीला टेकवून उभा केलेला असतानाच जमादार आले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाक नाही जमलं गा पोट्टेहो," ते म्हणाले आणि बडग्याची तिरपी टोपी त्यांनी स्वतःच्या हातानं सरळ केली. पोरं हसली. मला म्हणाले, "मनावर नका घेऊ ताई. बडगे मोठ्या मोठ्या लोकायचे निघते. आपली बढतीच झाली समजा."

पण त्या सकाळी ते विहिरीला हाक मारायचं विसरले.

दुपारी मिरवणूक ऐन रंगात आली आणि पाऊस कोसळला. बडग्या भिजून चिंब. पेटता पेटेना. पोरं तो तसाच उचलून परत घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. जमादार लवकर आले, धुतलेला शर्ट घालून. वाकले. "ओ बाई!" काहीच आलं नाही. पुन्हा हाक मारली. मग नुसते पाहत राहिले. मी मशीनवरून उठले.

पाण्यावर ते स्वतःच उताणे पडले होते. खाकी शर्ट, मिशा, शिटी. डोकं फुटून थर्माकोलचे दाणे सगळ्या पाण्यावर पसरले होते आणि मधून रंगाचे तेलकट पट्टे. हळूहळू गल्ली जमली. राजू ब्रश तोंडात धरून उभा होता.

"कोनं टाकला?" जमादारांनी विचारलं.

मी राजूकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले काय माहीत? कोनी टाकला असन," आणि चूळ भरायला घरात गेला.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब काठाशी गेले, आत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे कोण?"

जमादार ताठ उभे राहिले. "मीच हाय साहेब." मग टोपी सारखी करून म्हणाले, "पडलो."

साहेबांना हसू येत होतं, पण त्यांनी जमादारांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते थांबलं. मला राहवलं नाही. "साहेब, यांचा काही दोष नाही. हे आमच्या मंडळाच्या..."

जमादारांनी हात वर करून मला अडवलं. "राहू द्या ताई. मी शब्द गल्लीचा देल्ला होता."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. काय ठरलं ते सगळ्यांना कळलं होतं.

तरी तो अख्खा दिवस जमादार पाणी साफ करत राहिले. पुतळा गळ टाकून ओढून काढला. दाणे मात्र झोळीत येईनात, मच्छरदाणीची भोकं मोठी पडत होती. "ताई, याच्याहून बारीक कापड हाय का?" मी माझ्याकडचं सगळ्यात तलम अस्तर काढून झोळीला शिवून दिलं. "आता कशाला भाऊ?" मी विचारलं. "बंदच करणार आहेत ना?" ते बांबू फिरवत म्हणाले, "मंग काय असं घाण तोंड घेऊनच बंद करू का तिले?" मला रडू आलं आणि या वेळी मी आत पळाले नाही.

दिवाळीच्या आत स्लॅब पडला. ओलं काँक्रीट ओतत असताना जमादारांनी एका कोपऱ्यात पाइपचा तुकडा उभा धरला आणि हाताच्या पंज्याएवढं भोक ठेवायला लावलं. मिस्त्री म्हणाला, "हे काहून?" जमादार म्हणाले, "श्वास घ्यायले लागते तिले." मग त्यांना दुसऱ्या वॉर्डात पाठवलं, आणि पुढे ते रिटायर झाले. कोराडीकडे मुलीजवळ राहतात, असं कानावर आलं. गल्लीत पुन्हा आले नाहीत. झोळी अजून माझ्या खिळ्याला आहे. धूळ बसते, झटकते, पुन्हा अडकवते. मला त्यांची फार आठवण येते, आणि या गल्लीत जन्म काढला तरी तिचा राग येतो.

या उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली, म्हणून टँकर यायला लागला. गल्लीत टँकर मावेल अशी रुंद जागा एकच, विहिरीवरचा स्लॅब. तिथंच तो उभा राहतो. रांगेची भांडणं होतात, म्हणून राजू हल्ली गळ्यात शिटी अडकवून उभा असतो. "एका घरचे दोनच भांडे! मागं व्हा वं माय!" मला हसावं की काय करावं, कळत नाही.

परवा माझा नंबर जवळ आला तेव्हा पुढच्या बाईचा ड्रम भरून सांडला. पाणी स्लॅबवरून पसरत पसरत कोपऱ्यातल्या भोकात शिरलं. राजूच्या तोंडात शिटी होती, पण तो वाजवायचा थांबला. खोल खालून आवाज आला, पाण्यावर पाणी पडल्याचा, गोल, भरलेला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"बोलली," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हनलं ताई?" राजूनं विचारलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, भोकाकडे पाहत होता.

"काही नाही," मी म्हटलं आणि माझी बादली टँकरच्या नळाखाली सरकवली.